धसमुसळा, घाणेरडा की नुसता कांगावा? एनबीए प्लेऑफच्या राड्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

एप्रिल ते जून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, प्लेऑफ (सीझननंतरचे बाद फेरीचे सामने) चालतात, आपल्याकडे सकाळी सकाळी मॅच लागते आणि ऑफिसला पोचेपर्यंत फोनवर प्रश्नांचा ढीग पडलेला असतो, याला बाहेर काढलं मग त्याला का नाही, हा फ्लॅग्रंट कसा काय, तो तर मुद्दाम पडला वगैरे. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळे इथे लिहून ठेवतोय. सोपे आधी घेतलेत, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. फ्लॅग्रंट फाउल म्हणजे नक्की काय? आणि वन आणि टू मध्ये फरक काय?

साधा फाउल म्हणजे खेळताना लागलेला धक्का. फ्लॅग्रंट वन म्हणजे गरज नसताना केलेला धक्का. फ्लॅग्रंट टू म्हणजे गरज नसताना केलेला आणि वर प्रमाणाबाहेरचा. दोन्हीत समोरच्या टीमला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात आणि बॉलही परत त्यांनाच मिळतो. टू मिळाला की खेळाडू तिथल्या तिथे बाहेर, आणि एकाच मॅचमध्ये दोन वेळा वन मिळाला तरी बाहेर. रेफरी रिप्ले बघायला जातात तेव्हा काय बघतात ते कळलं तर अर्धे वाद मिटतील: हात आधी मागे घेतला होता का, आदळला किती जोरात, आदळल्यावरही हात पुढे ढकलला का, बॉलसाठी खरंच प्रयत्न होता का, आणि समोरच्याला किती लागू शकलं असतं.

२. जोरात फाउल केला म्हणजे घाणेरडा खेळ झाला का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. प्लेऑफमध्ये खेळ धसमुसळा होतोच, तीच टीम सात मॅचपर्यंत समोर, प्रत्येक बॉलला अंगाला अंग, पोस्टमध्ये (रिंगजवळ) कोपर, स्क्रीनवर (वाट अडवून उभं राहताना) छाती, आणि हे सगळं समोरासमोर चालतं, दोघांनाही माहीत असतं की आता धडक होणार आहे. मी त्याला घाणेरडं म्हणणार नाही.

माझी मोजपट्टी एकच आहे आणि खाली सगळीकडे मी तीच लावलीये: ज्याला लागलं त्याला स्वतःला सांभाळायची संधी होती का? जमिनीवर पाय रोवून उभा असलेला माणूस धक्का झेलू शकतो. हवेत असलेला, पाठमोरा असलेला किंवा खाली पडलेला माणूस झेलू शकत नाही. अशा माणसाला हात लावला तर धक्का छोटा असला तरी तो घाणेरडाच.

३. पण त्याने मुद्दाम केलं की चुकून झालं हे कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा ओळखता येत नाही, आणि नियमालाही त्याची गरज नाही. प्रश्न १ मधली यादी परत वाचा, त्यात 'मनात काय होतं' हा मुद्दाच नाहीये. एकच क्लिप पन्नास वेळा स्लो मोशनमध्ये बघून लोक खेळाडूच्या मनात शिरायला बघतात. स्लो मोशनमध्ये तर साधं वळणंही कट रचल्यासारखं दिसतं. मनात काय होतं ते दिसत नाही, पाय कुठे होता ते दिसतं.

२०२२ ला वॉरियर्स विरुद्ध ग्रिझलीज सिरीजच्या तिसऱ्या मॅचमध्ये जॉर्डन पूलने बॉल काढताना जा मोरांटचा गुडघा पकडला आणि मोरांट जखमी झाला, यावर तेव्हा केवढा वाद झाला होता. ग्रिझलीजचे कोच चिडले, शिक्षा काही झाली नाही. मी ती क्लिप खूप वेळा बघितली, बॉल तिथेच होता, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. म्हणून मी पूलला डर्टी म्हणत नाही, पण गुडघ्यावर हात गेला ते चुकलंच.

४. शूटरच्या पायाखाली पाय घातला तर इतका गहजब का होतो? दिसायला तर काहीच दिसत नाही.

कारण बास्केटबॉलमधला सगळ्यात धोकादायक फाउल तोच आहे, आणि तो दिसत नाही म्हणूनच जास्त धोकादायक आहे. जंप शॉट मारणाऱ्याची नजर रिंगवर असते, खाली बघतच नाही तो, आणि उतरताना जिथे जमीन असायला हवी तिथे कुणाचा तरी बूट असतो. माझा स्वतःचा घोटा कॉलेजच्या एका मॅचमध्ये असाच गेलाय, सहा आठवडे काठी घेऊन फिरलो, आणि ज्याचा पाय होता तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी तर नुसता हात वर करत होतो. असेल तसं. घोटा तर गेलाच ना.

प्लेऑफमधलं सगळ्यात मोठं उदाहरण १४ मे २०१७ चं. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची पहिली मॅच, स्पर्स ७८-५५ ने पुढे, म्हणजे वॉरियर्सच्या घरी २३ पॉइंटची आघाडी. स्पर्सच्या कवाय लेनर्डने कोपऱ्यातून शॉट मारला, वॉरियर्सचा झाझा पाचुलिया क्लोजआउट करत (शॉट अडवायला धावत) आला आणि आणखी एक पाऊल पुढे आला, बरोबर कवाय जिथे उतरणार होता तिथे. कवायचा आधीच दुखावलेला घोटा पुन्हा मुरगळला. फाउल साधाच दिला गेला, कवायने दोन फ्री थ्रो टाकले आणि तो बाहेर गेला तो त्या सिरीजमध्ये परत आलाच नाही. वॉरियर्सनी ती मॅच ११३-१११ ने जिंकली आणि सिरीज ४-०. स्पर्सचे तेव्हाचे कोच पोपोविच प्रेससमोर जे भडकले ते ज्यांनी बघितलंय ते विसरणार नाहीत. पाचुलिया म्हणाला मुद्दाम नव्हतं. प्रश्न ३ प्रमाणे मी त्यात जात नाही, पण ते शेवटचं पाऊल घ्यायची गरज नव्हती.

पुढच्याच सीझनपासून रेफरींना अधिकार मिळाला की असा बेदरकार क्लोजआउट रिप्लेवर बघून फ्लॅग्रंट करता येईल. शूटरला उतरायला जागा द्यायचीच. लोक त्याला झाझा रूल म्हणतात.

५. कुणी मुद्दाम पाय घातल्याचं कधी कबूल केलंय का?

हो. २००० च्या फायनल्सची दुसरी मॅच, लेकर्स विरुद्ध पेसर्स. लेकर्सचा कोबी ब्रायंट पेसर्सच्या जेलन रोझच्या पायावर उतरला, घोटा गेला, तिसरी मॅच बुडली. रोझने नंतर स्वतःच सांगितलं की ते मुद्दाम होतं. कोबी चौथ्या मॅचला परत आला आणि त्याचा साथीदार शॅक सहा फाउलवर बाहेर गेल्यावर ओव्हरटाइममध्ये त्याने मॅच काढली, लेकर्स ४-२ ने जिंकले. रोझने कबूल केलं म्हणून त्याला मोठेपणा देणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. इतक्या वर्षांनी बोलणं सोपं असतं, त्या रात्री घोटा दुसऱ्याचा होता.

६. प्लेऑफमध्ये फ्लॅग्रंटचे पॉइंट कसे मोजतात? वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनला २०१६ ला नक्की कशासाठी बसवलं?

वन चा १ पॉइंट, टू चे २. रेग्युलर सीझनचे पॉइंट प्लेऑफला पुसले जातात, सगळे शून्यावरून सुरू करतात, पण नंतर राउंड बदलला तरी पुसले जात नाहीत. प्लेऑफमध्ये ३ च्या वर गेलात की एक मॅच बाहेर. म्हणजे ४ हा आकडा लक्षात ठेवा.

आता ग्रीन. पहिल्या राउंडमध्ये ह्यूस्टनच्या मायकल बीझलीला खाली पाडलं, १ पॉइंट. वेस्टर्न फायनलच्या तिसऱ्या मॅचमध्ये ओक्लाहोमा सिटीच्या स्टीव्हन अ‍ॅडम्सला जांघेत लाथ बसली, आधी वन दिला होता, लीगने नंतर टू केला आणि वर २५,००० डॉलर दंड, झाले ३. फायनल्सच्या चौथ्या मॅचमध्ये क्लीव्हलँडचा लेब्रॉन खाली पडलेल्या ग्रीनवरून ओलांडून गेला, ग्रीनने चिडून खालून हात मारला. मॅचमध्ये तो फ्लॅग्रंट दिलाच नव्हता, लीगने नंतर व्हिडिओ बघून वन दिला. झाले ४. वॉरियर्स ३-१ ने पुढे होते, एक मॅच हवी होती फक्त, आणि पाचव्या मॅचला ग्रीन बाहेर. लेब्रॉन आणि कायरी दोघांनी ४१-४१ पॉइंट केले, आणि क्लीव्हलँडने ३-१ वरून फायनल्स जिंकल्या, जे आधी कुणालाच जमलं नव्हतं.

लोक विचारतात लेब्रॉनने मुद्दाम डिवचलं का. पडलेल्या माणसाला ओलांडून जाणं हा अपमानच आहे, आणि लीगने लेब्रॉनलाही त्यासाठी टेक्निकल (वागणुकीबद्दलचा फाउल, प्रश्न १०) लावला होता हे कुणाला आठवत नाही. पण ३ पॉइंट डोक्यावर असताना हात उचलायचा नाही हे ग्रीनला माहीत होतं. त्या एका फटक्यापेक्षा आधीच्या दोन फाउलनी त्याला जास्त महागात पाडलं.

७. मॅच संपल्यावर शिक्षा कशी काय बदलते?

लीग ऑफिस प्रत्येक फ्लॅग्रंट दुसऱ्या दिवशी परत तपासतं, वन चा टू होऊ शकतो, टू चा वन होऊ शकतो, मॅचमध्ये न दिलेला नवीन लागू शकतो आणि चुकीचा दिलेला रद्द होऊ शकतो. स्कोअर मात्र बदलत नाही. उदाहरण प्रश्न ६ मध्येच आहे.

८. मारामारी दुसऱ्याने केली आणि बेंचवरून नुसता उठला त्याला शिक्षा? हा कुठला न्याय?

हा प्रश्न सगळ्यात रागाने येतो, आणि राग समजतो मला.

नियम असा आहे की कोर्टवर भांडण सुरू असताना बेंचवरचा खेळाडू बेंचच्या जागेपासून हलला तर एक मॅच बाहेर, मग त्याने कुणाला हात लावो किंवा न लावो. सन्सवाल्यांना २००७ विचारा. दुसरा राउंड, चौथी मॅच, सन्स जिंकत आलेले, शेवटच्या काही सेकंदात स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने स्टीव्ह नॅशला कमरेने ढकलून स्कोररच्या टेबलवर आपटलं. अमारे स्टॉडमायर आणि बोरिस डिऑ बेंचवरून काही पावलं पुढे आले, परत फिरले. हॉरीला दोन मॅच, आणि या दोघांना प्रत्येकी एक. सिरीज २-२ होती. पाचवी मॅच सन्स ८८-८५ ने हरले, सिरीज ४-२ ने गेली, स्पर्स पुढे चॅम्पियन झाले. म्हणजे ज्यांचा माणूस आपटला त्यांचंच जास्त नुकसान झालं.

त्याआधी १९९७ ला निक्सचं असंच झालं. मायामीविरुद्ध ३-१ ने पुढे, पाचव्या मॅचमध्ये पी. जे. ब्राउनने चार्ली वॉर्डला उचलून बाजूला फेकला, राडा झाला, आणि निक्सच्या पाच जणांवर बंदी. एकदम पाच बसवले तर टीमच उरत नाही म्हणून वाटून दिली, युइंग, ह्यूस्टन आणि वॉर्ड सहाव्या मॅचला, लॅरी जॉन्सन आणि स्टार्क्स सातव्याला. निक्स ४-३ ने हरले.

मग हा नियम ठेवायचा कशाला? कारण डिसेंबर १९७७ मध्ये रुडी टॉमजॅनोविच असाच एका भांडणाकडे धावत गेला, सोडवायला, आणि कर्मिट वॉशिंग्टनने मागे वळून ठोसा मारला. टॉमजॅनोविचच्या चेहऱ्याची हाडं मोडली, जिवावर बेतलं होतं. ती रेग्युलर सीझनची मॅच होती आणि तो बेंचवरून नाही, कोर्टवरूनच आला होता, पण भांडणाकडे जितके जास्त लोक धावतील तितकं वाईट होतं हे लीगने तेव्हापासून डोक्यात ठेवलं. मला नियम मान्य आहे. पण दोन पावलं टाकून परत फिरलेल्याला आणि मध्ये घुसलेल्याला एकच माप लावणं मान्य नाही, लीगला तिथे थोडी मोकळीक ठेवता आली असती.

९. टीम बाहेर पडली, सीझनच संपला, मग शिक्षा माफ का?

माफ नाही, पुढच्या सीझनच्या सुरुवातीला भोगावी लागते. २०१५ ला बोस्टनच्या केली ओलिनिकने क्लीव्हलँडच्या केव्हिन लव्हचा हात अडकवून ओढला, लव्हचा खांदा निखळला आणि त्याचे प्लेऑफ तिथेच संपले. बोस्टन त्याच मॅचमध्ये बाहेर पडलं, म्हणून ओलिनिकने पुढच्या सीझनची एक मॅच गमावली. त्याच मॅचमध्ये जे. आर. स्मिथने जे क्राउडरला तोंडावर मारलं, पण क्लीव्हलँड पुढे गेलं म्हणून स्मिथच्या दोन मॅच पुढच्या राउंडमधल्या गेल्या. आता सांगा, ऑक्टोबरमधली एक मॅच आणि मे महिन्यातल्या दोन मॅच यांचं वजन सारखं असतं का? या पद्धतीत ही फट आहे आणि ती अजून बुजलेली नाही.

१०. टेक्निकल फाउलचे पण पॉइंट असतात का?

पॉइंट नाही, मोजणी असते, आणि ती वेगळी ठेवतात, फ्लॅग्रंटमध्ये मिसळत नाहीत. प्लेऑफमध्ये सातव्या टेक्निकलला एक मॅच बाहेर, रेग्युलर सीझनमध्ये हीच मर्यादा १६ आहे. एका मॅचमध्ये दोन झाले की त्या मॅचमधून बाहेर.

११. फ्लॉपिंगला शिक्षा आहे तरी लोक पडतातच कसे?

फ्लॉपिंगला आपल्याकडे अचूक शब्द आहे, कांगावा. लागलं नाही आणि लागल्यासारखं ओरडून पडायचं. २०१२-१३ पासून लीगने यावर दंड सुरू केला, २०१३ च्या ईस्टर्न फायनलमध्ये लेब्रॉन, लान्स स्टीव्हन्सन आणि डेव्हिड वेस्ट या तिघांना प्रत्येकी ५,००० डॉलर लागले होते. ज्याचा पगार कोटींमध्ये आहे त्याला पाच हजार डॉलरचं काय? म्हणून २०२३-२४ पासून मॅचमध्येच शिक्षा आली, रेफरीला फ्लॉप दिसला तर टेक्निकल, समोरच्यांना एक फ्री थ्रो. या टेक्निकलमुळे मात्र मॅचमधून बाहेर काढत नाहीत.

मला विचाराल तर हा घाणेरड्या खेळात येत नाही, कारण कुणाला दुखापत होत नाही (प्रश्न २ ची मोजपट्टी). पण हा रडीचा डाव आहे आणि याने दुसरंच नुकसान होतं, ज्याला खरंच लागलंय त्याच्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

१२. फ्री थ्रो न जमणाऱ्याला मुद्दाम फाउल करणं खिलाडूवृत्तीत बसतं का?

बसतं. कंटाळवाणं आहे, घाणेरडं नाही. २००० च्या फायनल्सच्या दुसऱ्या मॅचमध्ये, म्हणजे प्रश्न ५ मधलीच मॅच, शॅकला ३९ फ्री थ्रो मारायला लावले आणि त्याचे १८च आत गेले, तरी लेकर्स जिंकले. फ्री थ्रो हा खेळाचाच भाग आहे, जमत नसेल तर सराव करावा. २०१६-१७ पासून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून लांब असा फाउल केला तर एक फ्री थ्रो आणि बॉल परत मिळतो, त्यामुळे तेव्हा परवडत नाही. फक्त एक सांगतो, मुद्दाम फाउल करायला पाठीवर उडी मारायची गरज नसते.

१३. जुने लोक म्हणतात ऐंशीच्या दशकात खरा बास्केटबॉल होता, आता सगळे नाजूक झालेत. खरं का?

तेव्हा मार जास्त होता हे खरं. १९८४ च्या फायनल्समध्ये केव्हिन मॅकहेलने हवेत असलेल्या कर्ट रॅम्बिसच्या गळ्यात हात घालून त्याला खाली आपटलं आणि शिक्षा काय, तर साधा फाउल. आज तो बघता बघता फ्लॅग्रंट टू झाला असता. १९८७ ला रॉबर्ट पॅरिशने बिल लॅम्बीरला भर मॅचमध्ये ठोसे मारले आणि शिट्टीसुद्धा वाजली नाही, बंदी नंतर आली. १९९१ ला डेनिस रॉडमनने हवेतल्या स्कॉटी पिपेनला मागून ढकलून प्रेक्षकांत पाठवलं. पिपेनच्या हनुवटीला टाके पडले, रॉडमनला ५,००० डॉलर दंड झाला. पिपेन उठला, काही न बोलता फ्री थ्रो लाइनवर गेला. मला विचाराल तर त्या काळातली मर्दानगी ठोशात नव्हती, ती या उठण्यात होती.

आणि नाजूक म्हणाल तर नियम कडक झाले म्हणून हाडं वाचली, खेळ कमी झाला नाही. आजचे खेळाडू तेव्हापेक्षा वेगाने धावतात आणि उंच उडतात, तेवढ्या वेगात मॅकहेलसारखा हात घातला तर काय होईल याचा विचार करा.

१४. हरल्यावर हात न मिळवता निघून जाणं इतकं मोठं आहे का?

नियमात काही नाही. पण १९९१ ला बुल्सनी पिस्टन्सना ४-० ने धुतलं आणि मॅचचे ७.९ सेकंद बाकी असताना पिस्टन्स बुल्सच्या बेंचसमोरून सरळ निघून गेले, आज तीस वर्षं उलटली तरी लोक ते काढतातच. पिस्टन्सवाले सांगतात की १९८८ ला सेल्टिक्सनी आमच्याशी हेच केलं होतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. २००९ ला लेब्रॉन ऑर्लँडोकडून हरल्यावर असाच गेला होता. हरल्याच्या क्षणी माणूस आतून फाटलेला असतो हे मी समजू शकतो. तरी त्याच पिस्टन्समधला जो डुमार्स थांबला आणि हात मिळवून गेला. चार वर्षं जॉर्डनला रोखायचं सगळ्यात कठीण काम त्याच्याकडे होतं आणि त्याने ते कुणाला इजा न करता केलं. १९९६ ला लीगने खिलाडूवृत्तीचा पुरस्कार सुरू केला तो पहिला त्यालाच मिळाला आणि ट्रॉफीला आता त्याचंच नाव आहे. म्हणजे बॅड बॉइजमध्ये (त्या पिस्टन्सना हेच नाव पडलं होतं) राहूनही हे जमत होतं.

१५. "कोड मोडला" म्हणतात तो कोड कुठे लिहिलाय?

कुठेच नाही. खेळाडूंचा आपसातला समज आहे, की दुसऱ्याचं करिअर धोक्यात घालायचं नाही. हा शब्द गाजला २०२२ ला, जेव्हा ग्रिझलीजच्या डिलन ब्रुक्सने ले-अपला (रिंगजवळच्या शॉटला) उडालेल्या वॉरियर्सच्या गॅरी पेटन सेकंडच्या डोक्यावर मागून हात मारला आणि पेटन कोपरावर पडून हाड मोडलं. ब्रुक्सला फ्लॅग्रंट टू आणि एका मॅचची बंदी. वॉरियर्सचे कोच स्टीव्ह कर म्हणाले याने कोड मोडला. अगदी बरोबर बोलले. पण त्याच सिरीजच्या पहिल्या मॅचमध्ये त्यांचाच ग्रीन ब्रँडन क्लार्कला जर्सी धरून खाली खेचल्याबद्दल बाहेर गेला होता, आणि पुढच्या वर्षी त्याच ग्रीनने खाली पडलेल्या सबोनिसच्या छातीवर पाय दिला आणि एक मॅच बसला. सबोनिसने आधी त्याचा पाय धरला होता हे मान्य, त्याला त्याचा टेक्निकल मिळाला. कोड आपल्या टीमलाही लागू असतो, आपण वॉरियर्सचे फॅन असलो तरी.

१६. आमच्या लोकल टुर्नामेंटमध्ये हे सगळं लागू आहे का?

नाही, आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे) नियम चालतात. तिथे फ्लॅग्रंट नसतो, अनस्पोर्ट्समनलाइक फाउल असतो, दोन झाले की बाहेर, एक तो आणि एक टेक्निकल असं मिळूनही बाहेर, आणि फारच वाईट असेल तर थेट डिसक्वालिफाय. साधे फाउलही सहा नाही, पाचच मिळतात. रिप्ले नसतो, म्हणून शूटरच्या पायाखालचा पाय रेफरीला नाही दिसला तर कुणालाच दिसत नाही, तिथे कोचने स्वतःच्या पोरांना सांगायलाच हवं.

१७. मुलगा बारा वर्षांचा आहे, नुकताच खेळायला लागलाय. त्याला एकच क्लिप दाखवायची तर कुठली?

१० जून २०१९, टोरोंटो, फायनल्सची पाचवी मॅच. रॅप्टर्स ३-१ ने पुढे, जिंकले तर पहिलीवहिली ट्रॉफी. समोरच्या वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट दुखापतीतून परत आलेला, दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचा अकिलीज (टाचेमागचा स्नायूबंध) तुटला आणि तो खाली बसला. स्टेडियममधले काही लोक आनंदाने ओरडायला लागले. तेव्हा कायल लाउरी, सर्ज इबाका आणि डॅनी ग्रीन यांनी स्वतःच्याच प्रेक्षकांकडे वळून हाताने गप्प बसायची खूण केली. मग आवाज बदलला, ड्युरंट लंगडत आत गेला तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवत होते. ती मॅच रॅप्टर्स १०६-१०५ ने, एका पॉइंटने हरले. मुलाला आधी आवाज बंद करून दाखवा, लाउरीचे हात बघू दे, आणि मग आवाज चालू करून परत दाखवा.